बुंधा पुढे, शेंडा मागे

आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, जानराव सुताराचा देवानंद. बाकीच्यांनी पाहिलं ते धरणाचं पाणी. त्या पाण्याने आमचं जुनं गाव गिळलं, त्यामुळे आणखी मोठं पाणी पाहायची हौस कोणाला उरली नव्हती. परतवाड्याहून मेळघाटाच्या पायथ्याकडे येणारी एसटी आमच्या नव्या गावात थांबते. पाटीवर गावाचं नाव जुनंच आहे, तरी सगळे त्याला नवं गावच म्हणतात.

देवानंद कोकणात एका कारखान्यात शोभेची जहाजं करायचा. मोठे लोक दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात तसली, दोन हात लांबीची. त्याची बायको करिश्मा पोटुशी राहिली तेव्हा तो गावी परत आला आणि येताना मालकाशी एक गोष्ट ठरवून आला. जहाजाचं नुसतं पोट, म्हणजे खालचा पोकळ भाग, त्याने इथे घरी करायचं आणि काठ्या-शिडं तिकडे बसवायची. पहिलं पोट मालकाच्या मनाला आलं तर कायमचं काम घरी, नाही तर बाळंतपण इथे आणि बाप तिथे.

गावाला हा नवाच विषय मिळाला. शेजारचा भगवंतराव रोज सकाळी दात घासत कुंपणाशी यायचा आणि जहाज कोणत्या नाल्यात सोडणार ते विचारायचा. जानराव त्याच्याकडे पाहायचा नाही. तिफनी, वखर, गाडीची चाकं करण्यात त्याचा जन्म गेला होता. ट्रॅक्टर आले तशी त्याची हत्यारं खुंटीला लागली. आता पोराने आणलेल्या कागदावरच्या आकड्यांवरून तो लाकडाच्या फासळ्या कापत होता, आणि मनातून त्याला ते आवडतही होतं.

काम अडलं ते फळ्या वाकवण्यात. फळ्या म्हणजे बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या. मधे कणा, कण्यावर फासळ्या आणि फासळ्यांवरून या पट्ट्या नाकापासून शेपटापर्यंत वळवत न्यायच्या. त्यासाठी पट्टी भिजवायची, चुलीवरच्या पत्र्याच्या नळीत वाफ द्यायची आणि गरम आहे तोवर वळवायची. देवानंदने परतवाड्याच्या डेपोतून सागवान आणलं होतं. दिसायला देखणं, पण भट्टीत वाळवलेलं. नाकाशी वळण आलं की कडकन मोडायचं. अंगणात तुकड्यांचा ढीग लागला, करिश्माच्या चुलीची तेवढी सोय झाली.

शेवटी सुभद्राबाई उठली.

सुभद्राबाई म्हणजे जानरावची वहिनी, थोरल्या शेषरावची बायको. देवानंदची आई तो रांगता असतानाच गेली. तेव्हापासून या मोठ्या मायनेच त्याला वाढवलं, तिला स्वतःचं मूल नव्हतं. साठी उलटलेली, अंगाने काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि कमरेला किल्ल्यांचा छल्ला. नव्या घरात कुलपं दोन आणि छल्ल्यात किल्ल्या पाच. चालताना तो वाजायचा, आणि ती कुठल्या खोलीत आहे ते घराला कळायचं.

त्या कुंकवाबद्दल गावात पाठीमागे बोललं जायचं. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा शेषराव गेला तो परत आला नव्हता. त्याला घर सोडायचं नव्हतं. सामान भरलेला शेवटचा ट्रक निघाला तेव्हा तो ओसरीवर खांबाला पाठ टेकून बसला होता. बैलांच्या मागून येतो म्हणाला. सांजेला बैल आपले आपण नव्या गावात आले, मोकळ्या गळ्यांनी, आणि त्यांच्या मागे कोणी नव्हतं. त्याच रात्री वर मेळघाटात धो धो पाऊस झाला आणि सकाळी जुन्या गावाच्या जागी नुसतं पाणी होतं.

मग कोणीतरी म्हणालं, शेषरावला रिद्धपूरच्या वाटेवर पाहिलं, काखेत झोळी होती. घर महानुभावांचं, आणि शेषराव भांडण झालं की पोथी घेऊन रिद्धपूरला जातो असं म्हणायचाच. गावाला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. सुभद्राबाईलाही पटलं. वर्षातून एकदा ती रिद्धपूरला जायची, दर्शन घ्यायची आणि मग संन्याशांच्या पायांकडे पाहत फिरायची. शेषरावच्या उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट लाकूड तासताना वाकसाच्या घावाने तुटलेलं होतं. चेहरे दाढीखाली बदलतात, पाय बदलत नाहीत, असं तिचं म्हणणं. इतक्या वर्षांत तो पाय तिला दिसला नाही. तरी परत आली की ती नवं कुंकू घेऊनच यायची.

तर ती उठली, देवानंदच्या हातातली पट्टी घेतली, वाफेतून काढून गालाला लावून पाहिली आणि म्हणाली, "हे लाकूड नाई बाप्पा, हे पापड हाय."

जानराव हसला. गाडीच्या चाकाच्या कडेची लाकडं वाकवताना पूर्वी विस्तवाजवळ तीच असायची. लाकडाची आच तिला गालाने कळत असे. पण डेपोचं सागवान तिलाही बधेना. मालकाचा फोन दर दोन दिवसांनी येऊ लागला. देवानंद फोनवर सगळं झालंच म्हणून सांगायचा आणि फोन ठेवला की मान खाली घालून बसायचा.

यंदाचा उन्हाळा तुमच्या लक्षात असेलच. दोन पावसाळे हुकले होते. धरण कधी आटलं नव्हतं तेवढं आटलं आणि जुनं गाव वर आलं. आधी देवळाचा चौथरा, मग भिंतींचे बुंधे, मग गाळात रुतलेल्या वाटा. लोक बघायला जाऊ लागले. आपापल्या घराच्या जागी उभे राहून फोटो काढायचे आणि घरी येऊन ते कोणाला दाखवायचे नाहीत.

जानरावही गेला. ओसरीचा खांब तसाच उभा होता. आज्याने मेळघाटातून आणलेला जुना, उन्हावाऱ्यात मुरलेला साग. जानरावने नख रुतवून पाहिलं. इतकी वर्षं पाण्यात राहून आत कीड नव्हती. असं लाकूड वाकतं, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बापलेक ट्रॉली घेऊन गेले. बुंध्याशी गाळ दगडासारखा झाला होता, तो काही सुटेना. शेवटी दोर लावून ओढला तेव्हा खांब गाळाच्या वर मोडला. तेवढा घेऊन ते घरी आले.

ट्रॉली दारात थांबली तेव्हा सुभद्राबाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. दारात वडीलधारा माणूस आला की बाया घेतात तसा. करिश्माने ते पाहिलं आणि कोण आलं म्हणून रस्त्याकडे पाहिलं, तर कोणी नव्हतं. मग सुभद्राबाई उठून ट्रॉलीजवळ गेली. खांबाच्या एका बाजूला पाठीएवढा खळगा झिजलेला होता, टेकून टेकून गुळगुळीत झालेला. तिने त्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. करिश्माने विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं असेल त्याला, गरम आहे. वास्तविक खांब ओला आणि गार होता.

परतवाड्याला आरागिरणीवर खांब चिरला. चिरणारा म्हणाला, यात लोखंड आहे, माझं पातं जाईल. लोखंड निघालं नाही. पण प्रत्येक पट्टीवर एकाच उंचीला एक काळा आडवा डाग निघाला. लोखंड आणि पाणी लागलं की साग असा काळा पडतो, जानरावला ते नवीन नव्हतं. नवीन होतं ते हे, की डाग वरवरचा नव्हता. खांबाच्या गाभ्यातल्या पट्ट्यांवरही तो तितकाच काळा होता. देवानंदने रंधा मारून पाहिला. लाकूड उतरलं, डाग तिथेच राहिला.

"पान्यानं आत ओढला असंल," जानराव म्हणाला.

पट्ट्या भिंतीशी उन्हात उभ्या केल्या. वैशाखातलं ऊन, पापड घातला तर दुपारी उचलावा असं. पट्ट्या वाळेनात. हात लावला की ओल लागायची आणि त्या ओलीला धरणाच्या गाळाचा वास होता. दुसऱ्या दिवशी देवानंद पाहतो तर सरळ ठेवलेल्या पट्ट्या वाकलेल्या. लाकूड उन्हाने वाकतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण उन्हाने वाकलेलं लाकूड वेडंवाकडं वाकतं. या सगळ्या एकाच बाजूला वाकल्या होत्या, ओसरीकडे, जिथे सुभद्राबाई रोज कामाला बसायची तिकडे. देवानंदने त्या फिरवून ठेवल्या. दुपारचं जेवण होईतो त्या परत ओसरीकडे वळल्या.

करिश्माने त्या दिवसापासून त्या भिंतीकडून जाणं सोडलं. तिने नवऱ्याला सांगून पाहिलं की हे लाकूड परत टाकून या. देवानंद चिडला. कोकणात परत जाऊ काय, असं त्याने विचारलं.

सुभद्राबाई मात्र कामाला बसली आणि तिने वाफेची नळी बाजूला सारली.

"याले आच नाई पायजे," ती म्हणाली.

पट्टी मांडीवर घ्यायची, दोन्ही टोकं धरायची आणि नुसती आपल्याकडे ओढायची. पट्टी वाकायची. मोडणं सोडा, कुरकुरायचीही नाही. देवानंदने करून पाहिलं तर त्याच्या हातात तीच पट्टी लोखंडी गजासारखी ताठ. जानरावच्या हातातही तसंच. म्हणून मग वाकवायची तिने, लावायची देवानंदने, असं ठरलं. एक रीत मात्र तिने सोडली नाही. खांब रोवताना बुंधा खाली आणि शेंडा वर ठेवतात, उलटा रोवला तर घर उलटं होतं, असं आमचे सुतार मानतात. जहाजात खालीवर नाही. म्हणून तिने ठरवलं, बुंधा पुढे, शेंडा मागे. प्रत्येक पट्टी तिने तशीच दिली आणि देवानंदने तशीच लावली. कपड्यांचे चिमटे लावून गोंद धरेपर्यंत थांबायचं, मग पुढची.

काम झरझर चाललं. कामात सुभद्राबाई बोलायची नाही, पण ओठ हलायचे. करिश्माने एकदा कान देऊन ऐकलं. ती कुठलंसं जुनं भांडण करत होती. तुम्ही ऐकलं नाही, मी तरी काय करू, मी म्हटलं होतं तुम्हाला. मधेच थांबायची, कोणी उत्तर देत असावं तशी, आणि पुन्हा मान हलवून पट्टी ओढायची. तिचे तळहात पाण्यात राहिल्यासारखे पांढरे, सुरकुतलेले झाले होते. जेवायला बसली की भाकरीला ओल लागायची.

अर्धं पोट झालं तेव्हापासून आत पाणी साचू लागलं. सकाळी पाहावं तर तळाशी ओंजळभर, गढूळ, थंड. पोट उलटं ठेवून पाहिलं, झाकून पाहिलं, घरात आणून ठेवलं. गावात टँकरच्या रांगेत बाया घागरींवरून भांडत होत्या, आणि आमच्या जानरावच्या घरी लाकडाला पाणी सुटत होतं. भगवंतराव कुंपणाशी आला, त्याने ते पाहिलं आणि दात न घासताच परत गेला. त्यानंतर त्याने जहाजाची चेष्टा केली नाही.

"जहाजात पानी भाईरून येते," देवानंद बापाला हळूच म्हणाला. "याच्यात आतून कावून येऊन राह्यलं?"

जानरावने कापडाने पाणी टिपलं आणि उद्या शेवटच्या पट्ट्या लागतात, एवढंच म्हणाला. मालकाला परवा पाठवायचं होतं.

शेवटच्या पट्ट्या दुपारी लागल्या. चिमटे काढले. देवानंदने पोट उचलून पाटावर ठेवलं आणि सगळे बघायला जमले. सुरेख झालं होतं, खोटं कशाला सांगू. कुठे फट नाही, कुठे उंचवटा नाही, एखाद्या धष्टपुष्ट जनावराच्या बरगड्यांवरून कातडं ओढून बसवावं तसं. देवानंदच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. आणि मग सगळ्यांना ते एकदमच दिसलं.

सुट्या पट्ट्यांवर ते नुसते डाग होते. पट्ट्या एकाशेजारी एक, बुंधा पुढे करून बसल्या तेव्हा डागाला डाग मिळाला. पोटाच्या मधोमध, एका काठापासून खालून फिरून दुसऱ्या काठापर्यंत एक काळा पट्टा झाला होता. गुरांच्या पाठीवर चाबकाचा वळ उठतो तसा.

देवानंद लगेच म्हणाला, त्यात काय, काळा रंग देतो, मालकाला शोभाच वाटेल. सुभद्राबाईने त्याला हाताने थांबवलं. ती खाली बसली आणि पट्ट्यावरून अंगठा फिरवू लागली. पट्टा सरळ रेघेचा नव्हता. लांबट गोल, मग आडवा, पुन्हा लांबट गोल. तिचा अंगठा एकेका गोलावर थांबत पुढे जात होता.

"कडी," ती म्हणाली. "कडी. कडी."

जानरावला बैल आठवले, सांजेला मोकळ्या गळ्यांनी आलेले. चोरीच्या भीतीने शेषराव बैलांना रात्री साखळीने बांधायचा आणि साखळीला कुलूप घालायचा. बैल आले तेव्हा साखळी नव्हती. गावातल्या शंभर डोळ्यांनी ते पाहिलं होतं आणि एकानेही विचारलं नव्हतं की साखळी कुठे गेली.

सुभद्राबाईचा अंगठा तळाशी जाऊन थांबला. तिथे पट्ट्याला चौकोनी ठिपका होता, काड्यापेटीएवढा. तिने तो चाचपला. मग दुसऱ्या हाताने कमरेचा छल्ला पुढे ओढला आणि त्यातली एक किल्ली वेगळी धरली. बुटकी, पितळेच्या दांड्याची. इतकी वर्षं ती छल्ल्यात होती, आणि तिचं कुलूप कुठे आहे, हेही कोणी विचारलं नव्हतं.

"थे कुलूप दाबलं का बसे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "खोलाले किल्ली लागे. किल्ली माह्यापाशी होती, देवा."

"मोठी माय, तू उगाच…"

"धरनाचे साहेब लोक सकाळी येनार होते. त्याईले दाखवाले बांधून घेतलं असंल, का पाहा, हालत नाई म्हनून. मी मनात म्हनलं होतं, सकाळी भाकर घेऊन जाईन, तवा पाहू. पन तोंडानं काय म्हनलं? बसा खांबाले धरून, मी बलावाले येत नाई." तिने किल्ली मुठीत घेतली. "भाकर बांधली होती मी. पुलावर पानी होतं."

करिश्मा रडू लागली, पण आवाज न करता. सुभद्राबाई रडली नाही. तिने तोंडावरून हात फिरवला, पायात चपला घातल्या आणि निघाली. ती रिद्धपूरला पाय बघत फिरली होती आणि हा माणूस इथे पायी जाण्याच्या अंतरावर किल्लीची वाट पाहत बसला होता. याच्यासारखं दुःख मी तरी पाहिलेलं नाही. देवानंद फावडं-खुरपं घेऊन तिच्या मागे धावला.

उन्हं उतरायला लागली होती. धरणाच्या पोटात गाळ भेगाळून वाळला होता, भेगांत पाऊल अडकावं एवढा. वारा नव्हता. जुन्या गावात पाखरू नव्हतं. सुभद्राबाई गल्लीतून चालल्यासारखी चालली, भिंती नसलेल्या घरांना वळसे घालत, जिथे पूर्वी वळायचं तिथेच वळत. देवानंद सरळ जाऊ लागला तर तिने त्याला हटकलं की ते तुकारामचं अंगण आहे, त्यांच्या चुलीवरून नको जाऊस.

खांबाचा मोडका बुंधा गाळात होता. देवानंदने फावडं मारलं, पण तिने ते थांबवलं आणि खुरप्याने, मग हाताने उकरू लागली. वरचा गाळ कडक होता, खाली मऊ लागला, आणखी खाली ओला. इतक्या उन्हाळ्यात ओला. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि थांबला. मग तिने साखळी वर ओढली. ती सगळी वर आली नाही, तिचा वेढा खांबावरून घसरून बुंध्याशी बसला होता आणि गंजून कडीला कडी चिकटली होती. कुलूप तेवढं वर आलं. लालभडक गंजाचा गोळाच होता तो, कुलूप आहे हे माहीत असलेल्यालाच कळावं असा.

वेढ्याच्या आत गाळात आणखी काही होतं. देवानंदने पांढरं काहीतरी पाहिलं आणि तोंड फिरवलं. सुभद्राबाईने तोंड फिरवलं नाही. तिने पदराने किल्ली पुसली आणि गंजाच्या गोळ्यावर चाचपून छिद्राची जागा शोधली. देवानंद सांगतो, त्याला वाटलं ही किल्ली आता मोडणार आणि म्हातारी वेडी होणार. तो तिला धरायला वाकलाही.

किल्ली फिरली.

रोज सकाळी बैल सोडताना फिरत असेल तशी, सहज. आतून टक्क आवाज आला. कुलूप उघडलं आणि साखळी सैल होऊन गाळात बसली. आणि मग त्या दोघांनी ऐकलं, कोणीतरी फार वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तसा आवाज. देवानंद म्हणतो, गाळातली हवा निघाली असेल. तो असं म्हणतो, पण म्हणताना आपल्या हातांकडे पाहतो.

सुभद्राबाईने उकरलेली माती परत लोटली. आपल्यात अग्नी देत नाहीत, माती देतात, ती तर कधीचीच मिळालेली आहे, असं ती देवानंदला म्हणाली. मातीवर तिने हाताने थापटलं, पोराला थापटावं तसं. मग उठून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि समोर पाहून म्हणाली,

"चाला. लय उशीर झाला मले."

परतताना ती देवानंदबरोबर चालली नाही. त्याने हात पुढे केला तो तिने घेतला नाही. ती मान खाली घालून चालली, मधेच हळू व्हायची, मधेच थांबायची, आणि पुन्हा निघायची. बांधावर चढताना ती बाजूला झाली आणि थोडी थांबून मग चढली. देवानंदला आधी कळलं नाही. नवं गाव दिसू लागलं तेव्हा कळलं. जुन्या बाया नवऱ्याच्या पुढे चालत नाहीत, त्याच्या मागे दोन पावलं राहतात. ती तशी चालली होती. तो पुढे होता तो एकदम बाजूला सरला आणि उरलेली वाट त्याने बांधाच्या कडेकडेने काटली.

दारात जानराव आणि करिश्मा उभे होते. सुभद्राबाईने कोणाकडे न पाहता रांजणातून तांब्या भरला. टँकरचं मोजकं पाणी, पण तिने काठोकाठ भरला. उंबऱ्याबाहेर पाय धुवायची फरशी आहे, तिच्यासमोर ती वाकली आणि पाणी ओतलं, सावकाश, दोन धारांनी, एका पायावर आणि मग दुसऱ्या पायावर ओततात तसं.

करिश्माचं लक्ष फरशीवर होतं. तिने सासऱ्याच्या दंडाला धरलं. पाणी फरशीभर पसरलं, कडेने वाहून मातीत गेलं, फरशी काळी ओली झाली. तेवढ्या दोन जागा कोरड्या राहिल्या. दोन पावलांएवढ्या, दाराकडे तोंड केलेल्या. उजव्या पावलाला करंगळीशेजारी बोटाएवढी जागा ओली होती.

जानराव उंबऱ्यातून बाजूला झाला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "ये दादा."

मग फरशी हळूहळू सगळीच वाळली. उन्हाळ्याचे दिवस, वेळ लागला नाही.

सकाळी देवानंद उठला तेव्हा सुभद्राबाई आधीच अंगणात बसली होती. आंघोळ केलेली, कपाळ कोरं. छल्ला कमरेला होता, पण त्यात किल्ल्या चारच. ते कोरं कपाळ पाहून देवानंद तिच्याजवळ जाऊन लहान पोरासारखा बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात कोरडा आणि ऊन होता.

पोट पाटावर होतं. त्याने आत हात घालून पाहिला. तळ खडखडीत कोरडा. खाली वाकून पट्टा पाहिला, तो तसाच होता, फक्त तळाशी, चौकोनी ठिपक्यापाशी, दोन कड्यांमधे बोटभर लाकूड स्वच्छ पिवळं दिसत होतं. काल तिथे काळं होतं, हे घरातले चौघेही शपथेवर सांगतात. देवानंदने विचारलं की पॉलिश करून पट्टा झाकू काय.

"नको," ती म्हणाली. "जाऊ दे तसंच. गाव सोडत नव्हते, आता समुद्र तं पाहतीन."

दुपारच्या एसटीने पोट परतवाड्याला गेलं आणि तिथून पुढे. मालकाला ते पसंत पडलं. त्याने आणखी मागितली आहेत, आणि असाच पट्टा असलेली मागितली आहेत. देवानंदने त्याला कळवलं की तसं लाकूड संपलं.

आता तो दुसरीकडचा जुना साग आणतो. तो आच दिल्याशिवाय वाकत नाही, कधी कधी मोडतोही. सुभद्राबाई पट्टी वाफेतून काढते, गालाला लावते, आणि अजून नाही म्हणून परत नळीत सारते.